मधोमध चिरलेलं जहाज

इंदापूरच्या शाळेत शिकवत होते, तेव्हा मला तळहातावर मावतील अशा धातूच्या मोटारी जमवायचा नाद होता. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणून मी त्या काचेच्या कपाटात मांडायचे. बाईमाणसाच्या या नादाचं लोकांना नवल वाटे. ते ऐकूनच पळसदेवच्या एका आबांनी निरोप धाडला, "बाईंना म्हणावं, माझी जहाजं बघून जावा."

दिवाळी नुकतीच झाली होती. रविवारी एसटीनं गेले. आबा मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातले, पण तरुणपणी मुंबईला जाऊन मालवाहू जहाजावर स्वयंपाकी झाले. ज्या जहाजावर काम केलं, तसं दिसणारं छोटं जहाज ते परदेशी बंदरांतल्या दुकानांतून शोधून आणत. कायमचे परतले तोवर त्यांचं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. नव्या गावठाणात, पत्र्याच्या घरात, एका फळीवर ती जहाजं ओळीनं उभी होती.

त्यातलं एक त्यांनी माझ्या हातात दिलं. काळं, एका धुराड्याचं. रंग फुगलेला आणि मधोमध केसाएवढी चीर.

"हे असं का हुतंय, बाई?"

मला ठाऊक होतं. जुनी खेळणी जस्ताच्या ओतकामाची असत. त्या जस्तात चुकून शिसं मिसळलं असलं, तर वर्षांनुवर्षं धातू आतून कुजतो, फुगतो आणि तडकतो. जमवणारे त्याला रोगच म्हणतात. औषध नाही.

"दुसऱ्या जहाजांना लागंल का?"

"नाही आबा, हा पसरत नाही."

"मंग ह्यालाच कसा लागला?"

मग त्यांनी सांगितलं. हे ज्याच्यासारखं होतं, त्या खऱ्या जहाजावर असताना त्यांना कावीळ झाली आणि एका बंदरात उतरवलं. त्यांच्याच गावचा मित्र तिथून सुट्टीवर घरी निघाला होता. त्यालाच आबांच्या जागी चढवलं. पुढं वादळात जहाज मधोमध मोडलं. कुणाचं काही हाती लागलं नाही.

"दिस उगवला की हितं आवाज येतो. टक् टक्. तुमी घिऊन जा ह्याला."

तेवढ्यात ते माझ्या हातातच वाजलं. "ऊन लागलं की धातू वाजतो, आबा," मी म्हणाले. पण माझं मलाच ते पटलं नाही.

जहाज घरी आणून मी खिडकीत ठेवलं. वह्या तपासताना कान तिकडं जायचा. माझ्याकडं ते कधीच वाजलं नाही. एके सकाळी पाहिलं, तर त्याचे दोन तुकडे झालेले. कुणी हात लावला नव्हता. मी रजा टाकून पळसदेव गाठलं.

आबा दारातच होते. मी पिशवी उघडायच्या आधी म्हणाले, "तुटलं न्हवं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सकाळपस्नं आवाज बंद झालाय."

जहाज तर इतके दिवस माझ्या घरी होतं.

ओळखीच्या मासेमाराच्या होडीतून आम्ही धरणाच्या पाण्यात आत गेलो. पाणी काठोकाठ होतं, बुडालेल्या गावाचं जुनं देऊळही पार खाली गेलेलं. आबांनी मित्राला नावानं हाक मारली. "लई राबलास माझ्या जागी. आता सुट्टी घे," म्हणाले, आणि दोन्ही तुकडे एकामागून एक पाण्यात सोडले. आपल्या खाली घरं आहेत, अंगणं आहेत, हे मला एकदम जाणवलं. त्यातल्या कुठल्या अंगणात ते टेकलं असेल? मी होडीची कड घट्ट धरून बसले.

काठावर येताच आबांनी मासे निवडले आणि भावावरून मासेवाल्याशी मोठ्यानं भांडले. घरी येऊन स्वतः कालवण केलं. जहाजावरून परतल्यापासून त्यांनी चुलीला हात लावला नव्हता, असं त्यांची सून मला हळूच म्हणाली.

"जेवा की, बाई," आबा म्हणाले.

मासा त्याच पाण्यातला होता. पहिला घास बराच वेळ माझ्या हातात तसाच राहिला.