सात नंबरचं टोक

आई नागपूरजवळ बुटीबोरीला एका भंगाराच्या गोदामात धातू निवडायची. सकाळी सहाची बस, डब्यात भाकर अन् कांदा, आणि दिवसभर पत्र्याच्या शेडखाली मांडी घालून बसायचं. समोर नळाच्या तोट्या, मोटारीचे तुकडे, फुटकी भांडी, कुलपं. तांबं एका पोत्यात, पितळ दुसऱ्यात, कांसं तिसऱ्यात. एक तुकडा चुकला तरी शेठ अख्खं पोतं पुन्हा उपसायला लावायचा. बाबा मी दुसरीत असतानाच गेले होते. आईच्या बोटांच्या चिरांतलं काळं मी दहावीपर्यंत कधी निघालेलं पाहिलं नाही. शाळेला सुट्टी लागली की मीपण तिच्यासोबत जायची, आणि त्याच ढिगात मला चौकोनी भोकाचं पहिलं नाणं सापडलं. शेठ म्हणाला, "ले जा, खेल."

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे हिला कामधंदा नव्हता म्हणून भास झाले असं कुणी म्हणू नये. मी एम.ए. आहे, प्राचीन इतिहासात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. आता एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी आहे, नागपुरातच हुडकेश्वरला स्वतःच्या दोन खोल्या आहेत. आणि भूतखेत आमच्यात चालत नाही... आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवसापासून अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची, सगळं बंद. मला ताप आला तर आई सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी राहायची, पण भगताकडे गेली नाही. त्यामुळे भुताटकीच्या या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत होते. आज स्वतः लिहिते आहे, आणि लाजून लिहीत नाही.

चिनी नाण्यांचा नाद त्या एका नाण्यापासून. नातेवाइकांना वाटतं ती फेंगशुईची आहेत, घरात पैसा येतो म्हणून ठेवलीत. मला ती आवडतात कारण बुद्धाच्या वाटेनं चालत इकडे आलेले भिक्खू त्या देशातून निघाले तेव्हा तिथल्या बाजारात अशीच भोकाची नाणी चालायची. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका संग्राहकाच्या माघारी त्याच्या मुलानं संग्रह विकायला काढला. त्यात त्याच देशातली, कांस्याची नऊ बाणाची टोकं होती. बोटाच्या दोन पेरांएवढी, तीन धारांची, हिरवी पडलेली. सोबत वडिलांच्या सहीचा इंग्रजी कागद : नऊही अस्सल, दोन हजार वर्षांपूर्वीची. मी घेतली.

घरी आणली तेव्हा आईनं एकेक उचलून वीतभर उंचीवरून फरशीवर टाकलं. मी हळू, हळू म्हणत राहिले.

"हे कांसं. हे कांसं. हेही कांसंच..." सातव्यापाशी थांबली. पुन्हा टाकलं. "हे पितळ आहे वं."

"आई, कागद आहे माझ्याकडे. जुनं आहे ते."

"कागदाचा आवाज येते का?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"तू एम्मे झाली म्हणून पितळाचं कांसं होते का?"

तीन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पुस्तकं वाचलेली मी, अन् ही मला शिकवते... असं खरंच वाटलं होतं मला. ते लपवत नाही.

टोकं मी लोखंडी कपाटाच्या ड्रॉवरमध्ये मांडली. खाली जाड कापड, प्रत्येकापुढे नंबरची चिठ्ठी, नऊहींची अणी, म्हणजे टोचणारी बाजू, कपाटाच्या आत. किल्ली माझ्या पर्समध्ये. यंदाच्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ड्रॉवर उघडला तर सात नंबर आडवं झालेलं, अणी डावीकडे. बाकीची आठ जागच्या जागी.

"आई, तू हात लावला का याला?"

"मले काय पडलं? मी तं सांगून मोकळी झाली."

सरळ केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवं. मग मी आलेखाचा कागद अंथरला आणि प्रत्येक टोकाभोवती पेन्सिलनं रेघ ओढली. रोज कामावरून आले की पाहायचं. आठ रेघेत, सातवं रेघेबाहेर. वाटलं, कूलरच्या थरथरण्यानं होत असेल. कूलर बंद केला. नागपूरचा मे महिना, कूलर बंद... ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेली. "भूत मानत नाही म्हणते, अन् पितळाच्या तुकड्यापायी मले उकडून राहिली."

तरी ते फिरत होतं. तिसऱ्याच्या जागी सातवं ठेवून पाहिलं, सातवंच फिरलं. लोहचुंबक लावून पाहिला, चिकटत नाही. अख्खा कागद टोकांसकट उलट्या दिशेनं फिरवून ठेवला, तरी अणी त्याच डाव्या भिंतीकडे. त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा नळ आहे, त्यापुढे रिकामा प्लॉट. तिथं काही म्हणजे काही नाही, मी चौकशी केली आहे.

एका रविवारी दुपारी जुना मोबाईल ड्रॉवरच्या वरच्या पत्र्याला चिकटवला, टॉर्च लावला, व्हिडिओ सुरू केला आणि कुलूप लावून कपाटासमोर बसले. आई शेजारी चिंचा फोडत होती. तासाभरानं ड्रॉवर ओढला. सात नंबर आडवं. लगेच, तिथंच बसून, आम्ही दोघींनी व्हिडिओ पाहिला. पूर्ण तासभर नऊही सरळ. शेवटी ड्रॉवर हलतो, माझी बोटं दिसतात, आणि त्या क्षणालाही सात नंबर सरळ. व्हिडिओ संपतो. समोर ड्रॉवरमध्ये ते आडवं.

आईनं चिंचेचा हात पदराला पुसला. थोडं पाहिलं. मग म्हणाली, "लाव ते कपाट. वरण टाकाचं आहे."

आता प्रदर्शनाचं. शहरातल्या नाणेसंग्राहकांच्या संस्थेत मी पाच वर्षं मागच्या खुर्चीवर बसत होते. तिच्या वार्षिक प्रदर्शनात टेबल मिळणं म्हणजे संग्राहक म्हणून मान्य होणं. या वर्षी मी पहिल्यांदा अर्ज केला होता. संस्थेचे सचिव – सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात – वस्तू पाहायला घरी आले. मी ड्रॉवरही दाखवला, व्हिडिओही. लपवायचं कशाला.

भाऊसाहेब भारावून गेले. "मॅडम, कुण्या योद्ध्याचा जीव अडकलाय यात. नवीन मालात असं होतं का कधी? अस्सलपणाचा याहून मोठा पुरावा नाही. 'फिरणारा बाण' असा फलक लावू, गर्दी आवरणार नाही."

आई चहा घेऊन आली होती. "साहेब, ते पितळ आहे."

भाऊसाहेब हसले. "मावशी, तुम्हाला काय त्यातलं कळणार?"

"त्यातलंच तं कळते मले. बाकी काई नाई येत."

ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. त्याहून जास्त हे, की तेच वाक्य मीपण तिला ऐकवलं होतं. दुसऱ्या आठवड्यात नऊही टोकं एका इंजिनिअरिंग कॉलेजात नेली. तिथं धातूत काय काय मिसळलंय ते सांगणारं यंत्र आहे. आठ टोकांत तांबं, कथील आणि शिसं. सातव्यात कथील नाहीच, तांब्यात भरपूर जस्त. यंत्रावरचे सर म्हणाले, "हे तर नळाच्या तोटीचं पितळ आहे. वरचा हिरवा रंगही केमिकलनं चढवलेला. पन्नास वर्षांचंही नसेल."

भाऊसाहेबांना फोन करून सांगितलं.

"रिपोर्ट कुणाला दाखवू नका," ते म्हणाले. "कागद आहे, व्हिडिओ आहे, पुष्कळ झालं. एक खोटं निघालं तर लोक नऊच्या नऊ टोकांवर बोट ठेवतील. आणि तुमच्या बाबतीत तर..."

"माझ्या बाबतीत काय?"

"मी नाही म्हणत हो. पण लोक म्हणतात, भंगारातून गोळा केलंय."

"बरोबर म्हणतात. पहिलं नाणं तिथलंच आहे. आणि सात नंबरपुढे मी 'नक्कल' असंच लिहिणार आहे."

"मग टेबलाचं मला कमिटीला विचारावं लागेल."

"विचारा."

अडीच महिने काही कळलं नाही. आई एकदाच म्हणाली, "काहून भांडली वं माह्यासाठी? पाच वर्सं वाया गेली तुही." मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही, जस्तासाठी. पण रोज मोबाईल पाहत होते, हे खरं आहे. शेवटी टेबल मिळालं. अगदी कोपऱ्यात, पाण्याच्या कॅनजवळ.

डिसेंबरमध्ये दोन दिवस प्रदर्शन झालं. फिरणाऱ्या बाणाची गोष्ट तोवर सगळीकडे पोचलेली. लोक यायचे, सात नंबरकडे टक लावून उभे राहायचे. दोन दिवसांत ते केसभरही हललं नाही. एक जण चिडून म्हणाला, "मॅडम, हे तं फिरूनच नाही राहिलं." मी म्हटलं, "दादा, ते पितळ आहे. त्याच्या बाजूचं पाहा." मग लोकांनी बाजूचं पाहिलं. काही जणांनी नाणीही पाहिली.

घरी आणून ठेवलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा आडवं.

आता तुम्ही खाली लिहाल... दहीभात उतरवून टाका, नदीत सोडा, अमक्या बाबांना दाखवा. लिहू नका. मी काही टाकणार नाही, सोडणार नाही. आणि 'एवढी शिकलेली बाई असं कसं बोलते' असं म्हणणाऱ्यांनाही सांगते, मी पाहिलं ते पाहिलं. दोन हजार वर्षांची आठ टोकं गप पडून असतात, आणि पन्नास वर्षांच्या आतलं, कुण्या कारखान्यात ओतलेलं पितळ फिरतं. त्यात कुण्या योद्ध्याचा जीव अडकणार? ते कुणाला लागलंच नाही कधी. का फिरतं, मला माहीत नाही. यंत्रावरच्या सरांना व्हिडिओ दाखवला, त्यांनाही माहीत नाही. मी सकाळी ते रेघेत सरळ ठेवते आणि ड्युटीवर जाते.

संस्थेच्या छापील यादीत या वर्षी आठ टोकं अस्सल म्हणून आणि एक नक्कल म्हणून नोंदलं गेलं. संग्राहक म्हणून माझं नाव आहे. 'धातू ओळखला' या रकान्यात लीलाबाई, माझी आई.