डबलमामांचा पाच पायऱ्यांचा नवस

आधी माफी मागतो. आमच्या शेजारच्या डबलमामांविषयी लिहायला त्यांच्या बरोबरीनं पाठीवर माल वाहिलेला कुणीतरी हवा होता. माझी पात्रता एवढीच, की आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे सेक्टरातले सगळे अर्ज आणि तक्रारी लिहायला माझ्याकडेच येतात. मामांच्या बरोबरीची माणसं लिहीत नाहीत, म्हणून मी लिहितो आहे. कुठे चुकलं तर दोष माझा.

मामा चालत्या स्कूटरवरून देवाला नमस्कार करत नसत. कोपरखैरण्याहून तुर्भ्याच्या मार्केटला जाताना जितकी देवळं लागत, तितक्यांदा ते गाडी बाजूला घेत, इंजिन बंद करत, चपला काढत आणि मग हात जोडत. एकदा मी मागे बसलो होतो आणि मला कॉलेजला उशीर होत होता. भीत भीत म्हणालो, "मामा, जाता जाता केला तर नाही का चालत?"

"चालत्या गाडीवरनं नमस्कार म्हंजे मिस कॉल," मामा म्हणाले. "त्यो उलटा फोन लावंल व्हय तुला?"

वाटेतला दर्गा आणि चर्चही त्यांच्या यादीत होते. "वर सगळीकडं वळख असल्याली बरी. आपलं काम कुठल्या खात्यात अडकलंय, आपल्याला काय म्हाईत?"

मार्केटात ते माथाडी होते. तरुणपणी पाठीवर एक गोणी असताना वर दुसरी मागायचे, म्हणून डबल. त्यांच्या टोळीत खऱ्या नावानं कुणीच कुणाला ओळखत नसे. एकाचं नाव लाइट, कारण काम वाढलं की तो जायचा. गुळाच्या ढेपा उचलणारा गुळ्या. बावीस वर्षं एका ताटात जेवून मामांना गुळ्याचं आडनाव माहीत नव्हतं. मला नवल वाटलं, तर म्हणाले, "आडनाव कशाला? मला काय त्याच्या घरी पोरगी द्यायची हुती?"

मी शाळेत जायच्या आधीची गोष्ट. मामा तंबाखू मळायला दोन पावलं बाजूला झाले, त्यांच्या जागी गुळ्या उभा राहिला आणि गोण्यांची थप्पी त्याच्या पाठीवर आली. गुळ्याला अंथरुणावरच गावी नेलं. त्या दिवशी मामांनी आपल्या गावच्या डोंगरावरच्या खंडोबाला नवस बोलला: गुळ्या पायावर उभा राहिला, तर त्याला पाठीवर घेऊन तुझ्या शेवटच्या पाच पायऱ्या चढेन. पुढे गुळ्या वाकून का होईना, चालायला लागल्याचं कुणा ट्रकवाल्यानं सांगितलं. पण संसार, मुलींची लग्नं, यात नवस राहून गेला. आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की मामांचे दोन्ही गुडघे बदलावे लागतील, महिन्याभरात, आणि त्यानंतर जन्मात ओझं उचलायचं नाही.

"मामा, पण तो चालायला लागला, तर त्याला उचलायचं कशाला?" मी विचारलं.

"कॉलेजात ह्येच शिकवत्यात का रं? त्याला चालता येत नसतं, तर उचलनं ही ड्युटी झाली असती. नवस म्हंजे वरकड काम."

गुळ्याला शोधायला मामा एकटेच स्कूटरवर निघाले. मामींना त्यांनी 'जुन्या दोस्तांना भेटतो' इतकंच सांगितलं होतं, पण मामी काय समजायचं ते समजल्या होत्या. म्हणाल्या, "जावा. पन गुडघं हितंच ठिवून जावा."

टोळीतली माणसं साताऱ्याकडची; तिकडे पोचायला माणसाला एक दिवस लागतो. मामांना चार लागले. घाटात तर म्हणे प्रत्येक वळणावर देव होता. रोज फोन यायचा, "कॉलेज, मी हाय रं." मला ते कॉलेज म्हणत. माझंही खरं नाव त्यांना माहीत नसावं.

लाइटचं गाव तेवढं त्यांना आठवत होतं. तिथं आठवड्याचा बाजार भरला होता. 'लाइट कुठं राहतो' असं विचारलं, तर लोकांनी वीज कंपनीचं ऑफिस दाखवलं. मग मामांनी बाजाराच्या मधोमध उभं राहून मार्केटातली आरोळी ठोकली, "ए बाजू! मिरची हाय, मिरची!" अख्खा बाजार वळून बघायला लागला. एकच म्हातारा न बघता, मिरचीच्या गोणीला वाट देणाऱ्या हमालासारखा नाकावर हात दाबून, पटकन भिंतीला चिकटला. तोच लाइट. दोघं भर बाजारात गळ्यात पडून रडले. "मग मिरची कुठं हाय?" लाइटनं डोळे पुसत विचारलं.

गुळ्याचं गाव लाइटनं सांगितलं, नाव मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. मामा तिथं पोचले आणि पारावर चौकशी केली. "मुंबईला असायचे, पाठीत वाकल्यात." एकजण म्हणाला, "अण्णा व्हय? त्यांचा आज दहावा. नदीवर जावा."

त्या दिवशीचा फोन मी विसरणार नाही. मामा म्हणाले, "उशीर झाला, कॉलेज. मी दोन पावलं बाजूला झालो, त्ये झालोच." अशा वेळी काय म्हणायचं, ते कॉलेजात शिकवत नाहीत.

मामा नदीवर गेले आणि भावकीच्या रांगेत बसून न्हाव्यापुढे डोकं वाकवलं. अर्धी हजामत झाल्यावर न्हाव्यानं विचारलं, "अन्नांचे कोन तुमी?"

"एका टोळीतले. मार्केटात गोन्या उचलायचो."

न्हाव्याचा हात थांबला. "अन्ना तर गिरनीत हुते. मार्केटातले ते आबा. ते जित्ते हायत की! पोरानं तिकडं फ्लॅट घेतलाय, दोन वर्सं झाली. उलवं का काय म्हनत्यात."

लगेच फोन आला. "कॉलेज, ह्ये उलवं कुठं आलं रं?"

"मामा," मी म्हणालो, "आपल्या घरापासून तासाभरावर."

पलीकडून न्हाव्याचा आवाज आला, "उरल्याली हजामत करायची का ऱ्हाऊ द्यायची?"

न्हाव्यानं मिळवून दिलेल्या गुळ्याच्या मुलाच्या नंबरवरून पत्ता घेऊन मी दुसऱ्या दिवशी उलव्याला गेलो. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत गुळ्याकाका विमानं मोजत बसले होते. मी 'डबल' म्हणताच ते उठले आणि वाकलेल्या पाठीनं थेट दारापर्यंत चालत आले. "कुठं हाय त्यो? मी दोनदा मार्केटात जाऊन विचारलं. नवीन पोरं म्हनली, डबल म्हंजे रोटी का ऑम्लेट?"

मी मामांना फोन लावला. ते गुळ्याकाकांशी बोलायच्या आधी मलाच म्हणाले, "कॉलेज, वजन किती वाटतंय?"

काकांच्या सूनबाईंना विचारून सांगितलं, "ब्याऐंशी."

"सुनंला म्हनावं, आजपासनं भात बंद."

मामा परत आले आणि ऑपरेशनला नऊ दिवस उरले असताना काकांना घेऊन आपल्या गावच्या खंडोबाला गेले, काकांच्या मुलाच्या गाडीतून, वाटेत लाइटकाकांना उचलून. मामींनी जाताना काही म्हटलं नाही, गुडघ्यांना लावायचं तेल तेवढं दिलं. माझी परीक्षा होती, म्हणून मी गेलो नाही. त्या दिवशी पेपरात मी काय लिहिलं, मला आठवत नाही. पाच पायऱ्या मोजत होतो.

बाहेर आलो आणि फोन वाजला. लाइटकाकांचा होता. मागे हलगीचा गोंगाट, आणि कुणीतरी हसत होतं की रडत होतं, ते कळत नव्हतं.

"कॉलेज, चढला रं! पाचीच्या पाची! तिसरीवर गुडघा वाजला, मी म्हनलं गेला, पन न्हाई, चढला! आता वर हुबा हाय आन् गुळ्याला खाली ठिवंना झालाय. पुजारी म्हनतोय उतरवा, उतरवा. तर ह्यो पुजाऱ्याला इचारतोय, 'माल कुठल्या गाळ्यावर टाकू?'"