भागीरथाकाकूचं खळं

भागीरथाकाकूला कुणी विचारलं, की बाई, तू अशी रस्त्यावर काय बसतेस, तर तिचं उत्तर ठरलेलं असतं. "मी नाई बसली रस्त्यावर. रस्ता माह्या खळ्यात येऊन बसला."

हे अगदी खरं आहे. आमचं गाव गिरडच्या रस्त्यावर. रस्ता पूर्वी एवढासा होता, दोन एसट्या समोरासमोर आल्या की एकीला मातीत उतरावं लागे. मग तो रुंद झाला, सिमेंटचा झाला, आणि रुंद होताना नेमकं भागीरथाकाकूचं खळं गिळून बसला. चोपून-सारवून गुळगुळीत केलेलं खळं, शेजारी जुनी विहीर. विहीर वाचली, पण तिचा कठडा गेला. आता रस्त्याची कड संपते आणि चार पावलांवर विहिरीचं तोंड उघडं. कठडा बांधून देतो म्हणणारे साहेब पुन्हा या बाजूला फिरकलेच नाहीत.

मी अंकुश. समुद्रपूरच्या फाट्यावर माझी क्रेन उभी असते. खड्ड्यात गेलेल्या, उलटलेल्या, एकमेकींत घुसलेल्या गाड्या काढणं हे माझं काम. या कामात माणसांबद्दल फारसं चांगलं मत राहत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अपघात झाला की लोक आधी मोबाइल काढतात, मग हळहळतात.

काकू माझ्या घरासमोरची. उंच, हडकुळी, आवाज असा की शेताच्या त्या टोकाला असलेल्या किसनरावांना इकडून हाक ऐकू जाते. किसनराव म्हणजे तिचे यजमान. ते आयुष्यभर गप्प राहिले, कारण त्यांच्या वाटचं बोलणं काकू बोलते. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन निघालं, मळणीयंत्रातून दाणा बाहेर पडला, की तो वाळवावा लागतो. ओला दाणा पोत्यात भरला तर गरम होतो, काळा पडतो, त्याला वास मारतो. बाजारात व्यापारी पोत्यात हात घालतो आणि काही न बोलता पुढच्या पोत्याकडे जातो. म्हणून काकूला वाळवायला जागा पाहिजे. बाकी कशासाठीही ती कुणाच्या दारात जात नाही.

खळं गेलं त्याच वर्षी तिने सोयाबीन आणलं आणि बरोबर त्याच जागी, सिमेंटवर, ओतलं. कडेने दगड लावले, बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि मधोमध बसली. एसटीवाले ओरडले, ती त्यांच्यापेक्षा जास्त ओरडली. सगळ्या गावाने तमाशा पाहिला. आणि पुढच्या वर्षी सगळ्या गावाने आपापलं सोयाबीन रस्त्यावर आणलं. सिमेंट तापतं, दाणा दोन उन्हांत खडखडीत होतो, सारवायची कटकट नाही. सगळ्यात मोठा पसारा प्रभाकररावांचा. ते आमचे माजी सरपंच. त्यांच्या घरासमोर चकचकीत फरशीचं अंगण आहे, त्यावर लग्नाची पंगत बसेल. पण फरशीला डाग पडतात, म्हणून त्यांचं सोयाबीनही रस्त्यावर, आणि तेही त्यांच्या फाटकासमोर, विहिरीच्या अलीकडच्या ऐन वळणावर. दगड मात्र ते लावत नसत. त्यांच्या दाण्यावरून जायची कुणाची हिंमत आहे, असा त्यांचा हिशेब.

आता निकेश. हिंगणघाटच्या एका कापूस-जिनिंगवाल्याचा मुलगा. त्याच्याकडे लाल रंगाची, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल अशी गाडी. रविवारी सकाळी तो गिरडच्या टेकडीपर्यंत ती पळवायला यायचा. पावसाळ्यात एकदा टेकडीच्या वळणावर ती घसरून नालीत गेली, तेव्हा मीच काढली. क्रेनचा पट्टा बांधेपर्यंत त्याने मला चहा पाजला आणि सगळं समजावूनही सांगितलं. पोरगा बोलायला गोड होता, खोटं कशाला बोलू.

"अंकुशभाऊ, तुमच्या साध्या कारले पुढची चाकं ओढतात. हिले मागची ढकलतात. रस्ता ओला असला अन् जोर जास्त देला, की मागची चाकं जागेवर फिरतात, अन् शेपूट पुढं यायले पाहते."

"मंग?"

"मंग शेपूट ज्या बाजूले गेली, स्टेअरिंग त्याच बाजूले फिरवाचं. घाबरून पाय झटकन काढला की गेली गाडी. तसं एक बटन असते, गाडी सोताच सांभाळून घेते. पण ते चालू ठेवलं तर मजा काय?"

म्हणजे त्याला सगळं येत होतं. गाडी का घसरते, ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आणि तेच मला चीड आणतं. ज्याला माहीत नाही त्याला आपण समजावू शकतो. माहीत असून जो बटण बंद करतो, त्याला काय समजावणार?

सोयाबीन रस्त्यावर आल्यावर त्याला नवा खेळ सापडला. काकूच्या दाण्यापाशी तो गाडी हळू करायचा, मागची चाकं अलगद दाण्यावर चढवायचा आणि जोर द्यायचा. चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, मागे दाण्यांचा फवारा उडायचा. शेजारी बसलेला मित्र मोबाइलवर ते काढायचा. वर्षभर राबून पिकवलेला दाणा नालीत, आणि हे हसतायत. पहिल्यांदा काकू नुसती उभी राहिली, तिला कळेचना की माणूस असंही करू शकतो. दुसऱ्यांदा तिने दगड उचलला आणि गाडीच्या दारावर घातला. निकेशने खाली उतरून दार पाहिलं.

"काकू, रस्त्यावर दाणा टाकणं गुन्हा आहे. मी कंप्लेंट केली ना, तर सगळं उचलून नेतील."

"कर," काकू म्हणाली. "अन् त्यात हे बी लिवजो का तू पायाखाली अन्न तुडवतं म्हून."

त्याने तक्रार केली. जमादार येऊन बजावून गेले, पुन्हा काही झालं तर दाणा जप्त आणि गुन्हा दाखल. ही ताकीद रस्त्यावर दाणा असलेल्या सगळ्या गावाला द्यायला हवी होती. दिली फक्त काकूला, कारण नाव फक्त तिचं होतं. त्या दिवशी प्रभाकरराव जमादारांना आत चहाला घेऊन गेले. बाहेर त्यांचं सोयाबीन अर्धा रस्ता अडवून निवांत वाळत होतं.

पुढच्या रविवारी पहाटे चार शिंतोडे पडले. काकूने आणि किसनरावांनी धावपळ करून दाणा गोळा केला, कडेला विहिरीच्या बाजूने मोठा ढीग घातला, भरलेली पोती त्याला लावली, वर ताडपत्री टाकली. प्रभाकररावांनी खिडकीतून पाहिलं असेल आणि कूस बदलली असेल. त्यांचा गडी यायचा होता. दाणा वळणावर तसाच भिजला. येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकलींनी तो चिरडला, आणि चिरडलेल्या ओल्या सोयाबीनचा लगदा कसा होतो ते ज्याचा पाय त्यावरून गेला त्यालाच विचारा. खाली तेलकट, वर गोल दाणे.

निकेश त्या वळणावर वेगात आला. काकू ढिगापाशी ताडपत्रीचं टोक दगडाखाली दाबत होती, तिने सगळं पाहिलं. वळताना गाडीचा आवाज वाढला, म्हणजे त्याने जोर दिला, आणि शेपूट सरकन बाहेर गेली. त्याने स्टेअरिंग शेपटीच्या बाजूला फिरवलं, त्याच्या विद्येप्रमाणे बरोबरच. पण दाण्यांचा पट्टा संपला, कोरं सिमेंट लागलं, मागच्या चाकांना एकदम पकड मिळाली आणि गाडी उलट्या बाजूला भिरकावली गेली. गरागरा फिरत, मागे तोंड करून ती थेट विहिरीकडे निघाली.

विहिरीच्या आणि गाडीच्या मध्ये काकूचा ढीग होता. काकू बाजूला पडली. गाडी पोत्यांवर आदळली, ढिगात अर्धी रुतली आणि थांबली. पोती फाटली, काचा फुटल्या, तेल सांडलं. वर्षाचं पीक त्या गाडीने पोटाखाली घेतलं, आणि त्या पिकानेच तिला विहिरीत जाऊ दिलं नाही.

त्या रविवारी निकेश एकटाच होता. काकूने दार ओढून उघडलं. त्याचं कपाळ फाटलं होतं, रक्त डोळ्यांत जात होतं. तिने पदराने ते दाबून धरलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. अँब्युलन्स येईपर्यंत ती शिव्या देत होती आणि पदर काढत नव्हती. किसनराव सांगतात, मधेच तो डोळे मिटायला लागला तर तिने त्याला गालात मारली. "झोपू नोको, मेल्या. माह्या दाण्यावर मरू नोको."

मला फोन आला, मी क्रेन घेऊन निघालो. गावात शिरलो तर मला वाटलं, मी दुसऱ्याच गावात आलो. रस्ता लख्ख. पोळ्याच्या दिवशीही इतका झाडत नाहीत. काकू त्या पोराचं रक्त थांबवत बसली होती, तेवढ्या वेळात गावाने फावडी, झाडू, ट्रॅक्टर काढून आपापला दाणा घरात नेला होता. एकानेही तिच्यापाशी येऊन पाणी विचारलं नाही. प्रभाकररावांनी तर पाण्याची मोटार लावून वळण धुवून काढलं होतं, पाणी अजून नालीत वाहत होतं. संपूर्ण रस्त्यावर दाणा उरला होता तो एकट्या काकूचा.

जमादारांनी तोच पाहिला.

मी त्यांना वळणावर घेऊन गेलो. टायरचा काळा पट्टा प्रभाकररावांच्या फाटकासमोरून सुरू होत होता, पाण्याने तो जाणार थोडाच. "गाडी इथं घसरली, साहेब. काकूचा ढीग तर कडेले होता, त्यानं वाचवली." जमादारांनी मागे जमलेल्या गावाकडे पाहिलं. गाव आपल्या पायांकडे पाहत होतं. ज्यांच्या घरच्या बाळंतपणांना काकू रात्री-अपरात्री धावली, ते सगळे.

"आम्ही त हिले कितीकदा समजावलं," प्रभाकरराव म्हणाले. "ऐकतच नाई कोनाचं."

माझ्या हातात क्रेनचा हुक होता. तो मी खाली ठेवला, कारण हातात राहिला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. निकेशला मी दवाखान्यात फोन केला, म्हटलं, बाबा, एवढं एक सांग, गाडी कुठं घसरली. "भाऊ, मले काई आठवत नाई," म्हणाला. कपाळाला चार टाके आणि आठवण साफ. खरं सांगितलं असतं तर गाडीचं ते बटण बंद होतं हेही निघालं असतं ना.

काकूवर गुन्हा दाखल झाला. दाणा सकाळपर्यंत उचला, असं सांगून जमादार गेले. ती एक शब्द बोलली नाही. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, ती गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि मला तिच्या ओरडण्यापेक्षा त्याची जास्त भीती वाटली. संध्याकाळभर ती आणि किसनराव फावड्याने दाणा बैलबंडीत भरत होते. ओला, तेल लागलेला, काचांचा. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, "राहू दे बाप्पा, तुह्या हाताले काच लागन." तिच्या बोटांना फडकी बांधलेली होती.

सकाळी उजाडल्या उजाडल्या बंडी निघाली. मला वाटलं शेताकडे जाईल. ती प्रभाकररावांच्या फाटकातून आत गेली. किसनरावांनी बैल थांबवले, काकूने मागची फळी काढली, आणि सगळा दाणा त्या चकचकीत फरशीवर ओतला. मग ती वाकून तो फावड्याने पसरायला लागली, जशी खळ्यात पसरायची तशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

प्रभाकरराव बनियनवर, अनवाणी, दारात आले. "भागीरथा, हे काय करून राह्यली तू?"

"वाळू घालून राह्यली, भाऊजी. रस्त्यावर घालाचं नाई ना. तुमीच त समजावलं मले कितीकदा."

फाटकाबाहेर अर्धं गाव उभं होतं. कुणी आत आलं नाही, कुणी हसलंही नाही. प्रभाकररावांनी पाय पुढे टाकला तशी काकू कंबर सरळ करून उभी राहिली.

"चप्पल घालून येजा," ती म्हणाली. "काच हाय त्याच्यात."

प्रभाकररावांनी पाय मागे घेतला. सोयाबीन वाळेपर्यंत त्या घरातली माणसं मागच्या दाराने ये-जा करत होती.