लोको शेडचा छोटा कप

निवृत्तांच्या बैठकीत एका किश्शाने दुसऱ्याला हाक मारण्याचाच काय तो अवकाश. मग चहा निवून जातो आणि उठायचे भान कोणालाच राहत नाही. लोणावळ्याच्या लोको शेडमधली आम्ही मंडळी जमलो, की गप्पा रग्बीच्या एका हंगामापाशी येतात. मोठा कप पलटणींचा. तिथे ज्यांना कोणी विचारीत नसे, त्यांच्यासाठी छोटा कप. आमचा संघ छोट्यातही सदैव हरणारा! त्या वर्षी वरिष्ठांनी बजावले, "एक तरी सामना जिंका, नाहीतर खेळ बंद, मैदानावर शेडचा कोळसा पडेल." संघ उभारला होता इंजिनड्रायव्हर पार्करसाहेबांनी, आणि निवृत्तीपूर्वीचा त्यांचा तो अखेरचा हंगाम. मी शेडचा कारकून. नियमांचे पुस्तक वाचता येते म्हणून संघाचा चिटणीस.

*

वलवणचा रखमा आमचा फायरमन, मूळचा पैलवान. पहिल्याच सरावात त्याने समोरच्याला पाठीवर पाडले, छातीवर गुडघा ठेवला आणि पंचाकडे प्रसन्न मुद्रेने पाहत राहिला. चेंडू केव्हाच पसार झाला होता.

"रखमा, बॉल धर!" पार्करसाहेब ओरडले.

"मानूस चीत झालाय, सायेब! आता बॉल काय करनार?"

*

चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागच्यालाच द्यायचा, हा नियम मी शक्य तितक्या सुबोध भाषेत सांगितला. फिटर इस्माईलभाई विचारात पडले.

"म्हंजी गाडी फुडं न्यायची आन् माल मागल्या स्टेशनात टाकायचा? भाऊसाहेब, शेडात असं केलं तर बडतर्फ करत्यात!"

*

पहिल्या सामन्यात रखमा चेंडू घेऊन निघाला आणि पलटणीच्या दुय्यम संघातल्या गोऱ्या सोल्जरांचा ढीग त्याच्यावर पडला. बाजारातून परतणारी त्याची मावशी रेषेपाशी थांबली होती. ती छत्री उगारून थेट मैदानात!

"एकट्यावर एवढे? लाज न्हाई वाटत, मुडद्यांनो?"

शब्द कळले नाहीत, छत्री कळली. सोल्जर निमूट उठले.

"मावशे, ह्यो खेळ हाय!"

"खेळ हाय, मग रडतोस कशापायी?"

"रडत न्हाई गं, चिखल गेलाय डोळ्यांत!"

तो सामना हरलो. पुढचेही हरलो.

*

शेवटचा सामना उरला आणि नेमकी त्याच दिवशी पार्करसाहेबांना मालगाडीची ड्यूटी लागली.

खांद्याला खांदे भिडवून आठ जणांनी समोरच्या आठांना रेटायचे, ही या खेळातली खरी कसोटी. आमचे आठ जण मात्र आठ निरनिराळ्या वेळी जोर लावीत.

गुण समसमान, वेळ संपत आलेली. जिच्यापलीकडे चेंडू टेकवला की गुण मिळतात, त्या प्रतिपक्षाच्या रेषेपासून चार हातांवर खांदे भिडले. चिखलात कोणीच हलेना. इतक्यात घाट चढून आलेली मालगाडी मैदानालगत आली आणि इंजिनाने लांब शिटी दिली. घाटात पुढच्या इंजिनाची अशी शिटी झाली, की मागे जोडलेल्या इंजिनाने जोर लावायचा. आमच्या आठांची हयात त्याच हुकमावर गेलेली. आठही जणांनी एकदम रेटले! समोरची फळी कोलमडली आणि चेंडूसकट रखमा रेषेपलीकडे जाऊन पडला. आम्ही जिंकलो!

संध्याकाळी शेडमध्ये पार्करसाहेब इंजिनावरून उतरले. मी विचारले, "साहेब, चढ तर संपला होता. तिथे शिटी कशासाठी?"

"रुळावर म्हैस होती."

"म्हस?" रखमा चकित झाला. "आमाला तर न्हाई दिसली, सायेब!"

साहेबांनी शांतपणे हातमोजे काढले.

"कशी दिसेल? तुमची सगळ्यांची डोकी खाली होती."