सायलेन्सरचं पाणी आणि आमचं पार्किंग

एका पार्किंगमध्ये चार नव्या गाड्या आल्या की किस्से आपोआप साचतात. आज झाडून काढले तरी उद्या तेवढेच! दोन हजार सालानंतर मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत एकापाठोपाठ गाड्या आल्या. बहुतेकांच्या घराण्यातली पहिलीच, त्यामुळे लाड भरपूर आणि माहिती बेताची! थंडीत सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पाणी टपकायचं आणि मालक घाबरून गाडीखाली वाकून बघायचा.

मीही वाकलो. तडक नया नगरला सलीमभाईचं गॅरेज गाठलं, तर तिथे एक थेंब नाही! मी काकुळतीला येऊन सांगतोय, "सच्ची, टपक रहा था!"

सलीमभाई हसला. "साब, पानी गिरे तो आप खुश रहो. तेल गिरे तो मैं खुश!"

*

शेजारच्या शहाभाईंनी तर वॉचमनलाच धरलं. गाडी तोच धुवायचा ना!

"पाइप के अंदर तक पानी क्यूँ डाला?"

"सेठ, आज तो गाडी धोयी ही नहीं."

शहाभाईंनी धुळकट बॉनेटवरून बोट फिरवलं. मग न धुतल्याबद्दल झापलं!

*

शेवटी सायन्स शिकवणाऱ्या कुलकर्णी सरांनी पार्किंगमध्येच तास घेतला. पेट्रोल जळताना वाफ होते, थंड पाइपात तिचं पाणी होतं, पाइप तापला की टपकणं बंद. आम्ही माना डोलावल्या.

वरून, गॅलरीतून, सरांच्या मिसेस म्हणाल्या, "अहो, मग पाण्याचा टँकर आला नाही की गाडीच सुरू ठेवत जा ना!"

*

पण खरी पंचाईत झाली म्हात्रेकाकांची. मुलाचा साखरपुडा, मुलगी घोडबंदरची. सोयऱ्यांच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरायचं, तेही काकींना शेजारी बसवून, एवढीच त्यांची हौस. त्यासाठी हौसेने सेकंडहँड गाडी घेतली. पण आदल्याच वर्षी मोठा पूर येऊन गेलेला, बुडालेल्या गाड्या चकाचक करून विकल्या जातात अशी सगळीकडे बोलवा.

निघायच्या वेळी काकांनी गाडी सुरू केली. टप, टप!

"खाडीच्या पुरात बुडालेली गाडी हाय ही!" काकी कडाडल्या. " मी न्हाय बसायची. बसने येते!"

सरांनी वाफ समजावली, मी सलीमभाईचा दाखला दिला. काकी नारळाचं ताट धरून ढिम्म उभ्या. काका स्टेअरिंगवर हात ठेवून नुसते बसलेले. त्यांचा चेहरा बघवेना.

काकींचं माहेर मिठागरवाल्यांचं. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं, नऊवारी सावरत वाकल्या, टपकणारा थेंब बोटावर घेतला आणि आम्ही "अहो, अहो!" करेपर्यंत जिभेला लावला!

सगळं पार्किंग काकींच्या तोंडाकडे बघायला लागलं.

"खारं न्हाय," काकी म्हणाल्या. पदराने बोट पुसलं, ताट घेतलं आणि पुढच्या सीटवर जाऊन ऐटीत बसल्या. काकांचा चेहरा असा उजळला की आम्हालाच भरून आलं.

काकांनी गिअर टाकला, तेवढ्यात काकींनी त्यांचा हात धरला.

"पेट्रोल भरलंय ना? का तेबी मीच चाखू?"