कडू मिठाच्या सुया

आमचं मिठागर पेणच्या खाडीकाठी होतं. मीठ ओढून झालं की उरलेलं कडू पाणी खाडीत सोडायची रीत. त्या वर्षी वडील तापानं पडले आणि एका कोंडीतलं, मिठाच्या वाफ्यातलं, पाणी तसंच राहिलं. थंडीच्या सकाळी तिच्या काठाला काचेसारख्या लांब सुया धरल्या. मी धाकट्या बहिणीला थाप मारली, "खडीसाखर हाय, घे." तिनं तोंड वाकडं केलं, पण मी हसेन म्हणून चावून गिळल्या. उरलेल्या मी डब्याच्या झाकणात उन्हात ठेवल्या.

दुपारी तिला जुलाब लागले. पाचव्यांदा तिला उठवेना. मी बहिणीला विष घातलं, एवढंच डोक्यात होतं. आईला सगळं सांगून झाकण पुढे केलं. त्यात सुया नव्हत्या, नुसता पांढरा भुगा. आता माझं कोण खरं मानणार?

आईनं भुगा जिभेला लावला आणि थुंकली. "जुलाबाचं मीठ हाय हे, गो. उन्हात सुकून सुयांचा भुगा होतो. मरत नाय ती. पेज पाज तिला."

मी चमच्यानं पेज पाजत राहिले, दर घोटाला तिचा श्वास बघत. दिवेलागणीला तिनं भाकरी मागितली. तेव्हा कुठे आईनं मला झोडपलं, आणि माझी भीती गेली.