आवाज कमी करणारा मामा

माझ्या मामाइतका घाबरट माणूस सगळ्या भिवंडीत सापडणार नाही. आणि तो घाबरतो तेही दुसऱ्यांसाठीच. आमच्या कोन गावातल्या घरातून निघून रस्ता ओलांडायचा झाला तर त्याला काळजी समोरच्या ट्रकवाल्याची. "बिचाऱ्याची झोप झाली नसंल." धामणकर नाक्याजवळच्या कापडाच्या कारखान्यात त्याने उभं आयुष्य लूम चालवले. त्या खडखडाटात कानाला काही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलणं समजून घेतात. मामा अजूनही जेवताना आईच्या ओठांकडे बघतो, आणि आई म्हणते, "ताटात बघ, दादा."

मी आमच्या घरातली कॉलेजला जाणारी पहिली मुलगी. मराठीच्या मॅडम लेखकांच्या संमेलनातल्या चर्चांची रेकॉर्डिंग पाठवतात. मी ती मोबाईलवर लावते आणि मामा शेजारी येऊन बसतो. माध्यमं, साहित्य, समाज, सगळं मन लावून ऐकतो. पण बोलणारा जरा धीट झाला की याच्या कपाळाला घाम. एकदा एका पत्रकार बाईंनी पुढाऱ्यांना चांगलंच सुनावलं. मामाने आधी खिडकी लावली, मग आवाज कमी केला, आणि मोबाईललाच म्हणाला, "हलू बोल गो बाय, रेकॉर्डिंग चालू हाय!"

"मामा, हे मागच्या वर्षीचं आहे. त्या बोलून घरी गेल्या."

"पोचली का पन? इचार कोनाला तरी."

मला हसू आलं होतं. यंदा मॅडम आम्हाला त्या संमेलनाला घेऊन गेल्या, तेव्हा ते हसू गेलं. शेवटी प्रश्नांसाठी फिरणारा माइक माझ्याकडे आला. उभी राहून मी बोलले, "माझी आई राहनाळच्या गोदामात पॅकिंग करते. शिफ्ट चालू असताना बाहेरून कुलूप लावतात. आग लागली तर? हे तुमच्या लिहिण्यात का येत नाही?" टाळ्या वाजल्या. परत येताना रिक्षात एकदम लक्षात आलं, हेही रेकॉर्ड झालंय. सुपरवायझरने बघितलं तर आईचं काम जाईल.

रेकॉर्डिंग आलं तेव्हा आई ड्युटीवर होती. मामाने खिडकी लावली, दाराला कडी घातली आणि आवाज पार बंद केला. मला वाटलं, त्याला माझं बोलणं ऐकायचंच नाही. पण मोबाईल डोळ्यांशी धरून तो माझ्या ओठांकडे बघत होता. संपल्यावर त्याने पुन्हा लावलं.

"कुलूप?" तो म्हणाला. "तिनं मना कदी सांगलं न्हाय."

"तू घाबरशील म्हणून."

मामा उठला, कडी काढली, दार सताड उघडलं आणि उंबरठ्यावर जाऊन बसला.

सुपरवायझर अजून काही बोललेला नाही. आई ड्युटीवर असली की आमचं दार आता उघडंच असतं. मामा रस्त्याकडे तोंड करून बसतो, मी त्याच्या मागे पुस्तक घेऊन. लांबून आई दिसली की ती नुसत्या ओठांनी 'आले' म्हणते, ते मामाला माझ्याआधी कळतं. "आली," तो म्हणतो, आणि मग कुठे मी पान उलटते.